पंप नवा, गळती कायम: कूलंटचा माग काढतानाच्या नोंदी

शनिवार, ८ मार्च

गाडीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (कूलंट) फिरवणारा पंप, बदलून आठवडा होत आला. जुन्या पंपाचं बेअरिंग घरघरत होतं आणि विप होलखाली (पंपाच्या अंगावरचं पाझर बाहेर सोडणारं बारीक भोक) वाळलेल्या कूलंटचा पांढुरका ओघळ होता, त्यामुळे बदलण्याबद्दल दुमत नव्हतं. नवा पंप, जोडात बसणारं नवं कागदी गॅस्केट, मागच्या लोखंडी पाईपला नवी ओ-रिंग (गोल रबरी कडं), ताजं कूलंट. सुरुवातीचे दिवस सगळं कोरडं. आज सकाळी गाडी मागे घेतली तर जमिनीवर गुलाबी डाग.

आधी ते कूलंटच आहे ना, याची खात्री. एसीचं पाणी नितळ असतं, वास नसतो आणि ते बहुधा पुढच्या सीटच्या पायथ्याखाली पडतं. हे बोटांत चोळल्यावर निसरडं लागलं आणि टिश्यूवर वाळताना गुलाबी कड सोडून गेलं. कूलंटच. चव घेऊन ओळखायचा सल्ला काही जण देतात, तो मनावर घेऊ नये. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि तितकंच विषारी. कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून डाग आधी टिपून घेतला, मग भरपूर पाण्याने धुतला.

एक्स्पान्शन टाकीवर (कूलंट भरायची प्लास्टिकची टाकी) थंड इंजिनाची पातळी चिकटपट्टी लावून दाखवून ठेवली. 'थोडी कमी वाटते' याला अर्थ नाही, पट्टीच्या वर की खाली एवढंच बघायचं.

मग गाडी फिरवून आणली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. बोनेट उघडल्यावर किंचित गोडसर वास, थेंब मात्र कुठेच नाही. इंजिन बंद करून तसाच उभा राहिलो आणि थोड्या वेळाने खाली पहिला थेंब पडला. यामागचं कारण साधं आहे. इंजिन बंद केलं की पंपही थांबतो, पण ब्लॉकमधली (इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागातली) उष्णता कूलंटमध्ये उतरतच राहते. काही मिनिटं तापमान वर चढतं आणि त्याबरोबर दाबही. शिवाय चालत्या गाडीत बारीक पाझर वाऱ्याने आणि गरम धातूवर पडून जागच्या जागी वाळून जातो. तेव्हा 'चालताना गळत नाही' हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यावरून गळती नाही असं म्हणता येत नाही.

रविवार, ९ मार्च

गाडी रात्रभर थंड झाली होती. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. ते असेपर्यंत खाली पडणाऱ्या थेंबाच्या जागेला काही किंमत नसते, कारण कव्हर सगळं गोळा करून त्याला सोयीच्या भोकातून खाली सोडतं.

टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन पंप पाहिला. विप होल कोरडं. गॅस्केटची खालची कड ओली. पंपाखालच्या ब्लॉकवर ओला पट्टा, बेल्टच्या आतल्या बाजूला काही शिंतोडे.

इथे कुणालाही वाटेल की गॅस्केट नीट बसलं नाही, पंप पुन्हा उतरवा. पण नुकताच बदललेला भाग म्हणून तोच गुन्हेगार, असं धरून चाललं की चोर सोडून संन्याशाला फाशी होते. पंप काढताना शेजारपाजारच्या सगळ्यांनाच धक्का लागलेला असतो. खालचा होज (रबरी नळी) ओढला जातो, थर्मोस्टॅटचं (कूलंट तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचं) कव्हर हलतं, हीटरकडून येणारा पाईप ब्रॅकेटवर किंचित वाकतो. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून ज्या रबराने त्या जागेचा आकार घेतलेला असतो, ते रबर पुन्हा तसंच बसेल याची हमी नाही. त्यामुळे पंपाच्या कामानंतरची गळती पंपाची असू शकते, होजची असू शकते किंवा ज्याला आपण फक्त बाजूला सारलं होतं त्याचीही असू शकते.

विप होलबद्दल जरा सविस्तर, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच होतात. पंपाच्या शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) मेकॅनिकल सील असतं. दोन अतिशय गुळगुळीत चकत्या, एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर. त्यांच्यामध्ये कूलंटचाच अत्यंत पातळ थर राहतो आणि तोच वंगणाचं काम करतो. म्हणजे सील शंभर टक्के बंद नसतंच, थोडी वाफ बाहेर निसटते. ती बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन टाकू नये म्हणून सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये बाहेर जायला वाट ठेवलेली असते, ते विप होल. नव्या पंपाचं सील बसत असताना तिथे किंचित ओल दिसून पुढे थांबली, तर काळजी नाही. थेंबामागून थेंब पडत असेल तर मात्र सील गेलं, पंप परत करायचा. आणि ते भोक गळतंय म्हणून त्यात सीलंट भरणारे लोक आहेत! कूलंट मग आतल्या आत बेअरिंगकडे वळतं, आणि गळतीच्या जागी बेअरिंग जाम होण्याची वेळ येते.

पुली हाताने हलवून पाहिली, खेळ नाही. बोल्ट अजून आवळायचा मोह आवरला. हे एम६ चे (६ मिलीमीटर जाडीचे) बोल्ट ॲल्युमिनियमच्या पंपातून ब्लॉकमध्ये जातात. मॅन्युअलमध्ये १० न्यूटन-मीटर दिलंय. टॉर्क रेंच (ठरावीक जोर आला की खटका देणारा पाना) त्यावर लावून प्रत्येक बोल्टवर टेकवला, सगळे त्याच आकड्याला खटकले. यापुढे जोर लावला तर एक तर फ्लँज (पंपाची बोल्टांची चपटी कड) दोन बोल्टांच्या मध्ये वाकेल आणि तिथेच नवी फट पडेल, नाही तर आटे जातील.

शेवटी पंप, ब्लॉक, होजची तोंडं हे सगळं ब्रेक क्लीनरने धुऊन फडक्याने कोरडं केलं. ओल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे पावसात छताचं भोक शोधणं.

मंगळवार, ११ मार्च

प्रेशर टेस्टर मागून आणला. हातपंप, त्यावर दाबाचा काटा आणि टाकीच्या तोंडाला बसणारा ॲडॅप्टर. बाकी काही नाही, पण कूलिंगच्या कामात इतकं स्पष्ट उत्तर देणारं हत्यार दुसरं नाही.

टेस्ट थंड इंजिनावर. एक तर गरम सिस्टिमची टोपी उघडायचीच नसते, उकळतं कूलंट अंगावर येतं. दुसरं कारण मोजमापाचं: गरम इंजिन निवत असताना दाब आपोआप उतरतो, मग काटा गळतीमुळे उतरला की थंडाव्यामुळे, हे सांगता येत नाही.

टाकीच्या टोपीवर १.१ बार लिहिलंय, तेवढाच दाब भरला. त्याहून जास्त भरायचं कारण नाही, हीटर कोअर (गाडीच्या आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या त्याहून जास्त सोसायला केलेल्या नसतात. हा दाब असतो कशासाठी, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बंद सिस्टिममध्ये १.१ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२२ अंशांपर्यंत उकळत नाही, ग्लायकॉल मिसळल्यावर त्याहून वर. म्हणून गळती म्हणजे फक्त कूलंट कमी होणं नाही. दाब टिकला नाही की उकळण्याचं तापमानही खाली येतं, आणि टाकी भरलेली दिसत असताना गाडी तापू शकते.

काटा दहा मिनिटांत १.१ वरून १.० च्या खाली आला. म्हणजे थंड इंजिनावरही गळतंय. ॲडॅप्टरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत, तेव्हा टेस्टर स्वतः निर्दोष. गाडीच्या आत पुढच्या सीटजवळचा गालिचा चाचपला, कोरडा. काचेवर तेलकट वाफ नाही. हीटर कोअर संशयातून सुटला.

पण थेंब कुठून, ते अजूनही दिसेना. पंपाची खालची कड पुन्हा ओलसर झाली, इतकंच. वरून इनटेक मॅनिफोल्ड, समोर अल्टरनेटर, मधून आरसा जेमतेम जातो.

इंजिन ऑइलच्या टोपीखाली दुधाळ थर नाही, धुराड्यातून पांढरा धूर नाही. हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या गॅस्केटचा) संशय घ्यायला काही आधार नव्हता, म्हणून तिकडे वळलो नाही.

बुधवार, १२ मार्च

सापडलं.

आरशाने दिसत नाही तर कागदाने विचारायचं ठरवलं. टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक संशयिताखाली एकेक अडकवली: विप होलखाली, गॅस्केटच्या वरच्या कडेला, खालच्या कडेला, खालच्या होजच्या तोंडाशी, थर्मोस्टॅटच्या कव्हरखाली आणि पंपाच्या पाठीमागे, जिथे हीटरकडून येणारा लोखंडी पाईप पंपात शिरतो. शेवटची पट्टी लांब चिमट्यानेच बसली. तिथे हात जात नाही.

दाब भरला आणि पट्ट्यांवर टॉर्च धरून बसलो. पाठीमागची पट्टी सगळ्यात आधी गुलाबी झाली. आधी मधोमध ठिपका, मग तो खाली पसरला आणि टोकाशी थेंब लोंबायला लागला. तो थेंब पंपाच्या पाठीवरून फ्लँजच्या कडेकडेने खाली उतरला आणि गॅस्केटच्या खालच्या कडेला येऊन थांबला. त्यानंतर खालच्या कडेची पट्टी ओली झाली. वरच्या कडेची शेवटपर्यंत कोरडीच, विप होलचीही.

म्हणजे गॅस्केट निर्दोष. वरून आलेलं कूलंट त्याच्या कडेवर फक्त मुक्कामाला होतं. गळतीत सगळ्यात ओली जागा शोधायची नसते, सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधायची असते. खालून पाहिलं की नेमकं उलटं दिसतं.

शनिवार, १५ मार्च

कूलंट स्वच्छ बादलीत काढून झाकून ठेवलं. ताजंच आहे, पुन्हा वापरता येईल. पाईपला ब्लॉकवर एक ब्रॅकेट आहे, त्याचा बोल्ट आणि मागच्या टोकाचा होज काढला की पाईप मागे सरकून पंपातून सुटतो. पंप उतरवावा लागला नाही, हे नशीब. गॅस्केटवर संशय ठेवून सुरुवात केली असती तर बेल्टपासून सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं, आणि जोडल्यावर गळती तिथेच.

ओ-रिंग तपासली. नवी, लवचिक, कुठे चीर नाही, चिमटलेली नाही. मग पाईपचं तोंड पुसून उजेडात हळूहळू फिरवलं. ओ-रिंगच्या खोबणीपर्यंत वरचा मुलामा शाबूत आहे. खोबणीत मात्र जवळजवळ अर्ध्या घेरात तो गेलाय आणि खाली काळपट, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. डोळ्याला ते नुसते डागच वाटतात. नख आडवं ओढलं की खटखट अडकतं. एका ठिकाणी दोन-तीन खड्डे एकमेकांना मिळून खोबणीच्या आरपार वाट झाली आहे, केसाएवढी. कूलंटला तेवढी पुरते.

गंज नेमका ओ-रिंगखालीच का, हाही प्रश्न पडतो. बाकी पाईपभर कूलंट वाहतं असतं आणि त्यातली गंजरोधक रसायनं धातूला मिळत राहतात. रबर आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत मात्र कूलंट अडकून राहतं, तिथली रसायनं संपतात, नवी येत नाहीत, आणि धातू तिथेच खायला सुरुवात होते. जुनं कूलंट वेळेवर न बदललेल्या गाड्यांत हे हमखास.

जुनी ओ-रिंग या खड्ड्यांवर कशी टिकली? तीही ठेवलेली होती, काढून पाहिली. चपटी आणि कडक झालेली, पण आतल्या बाजूला त्या खड्ड्यांचे उंचवटे तिच्यावर उमटलेले. ती हळूहळू खड्ड्यांत शिरून बसली होती. पाईप पंपातून निघाला तेव्हा तो जोड मोडला, आणि नवी गोल, मऊ ओ-रिंग खड्ड्यांच्या फक्त काठांवर टेकली.

आता पुढे काय? बारीक पॉलिश पेपरने घासायचं तर खड्ड्यांच्या तळापर्यंत जावं लागेल, म्हणजे खोबणी खोल होणार आणि ओ-रिंगवरचा दाब कमी होणार. शिवाय उरलासुरला मुलामा जाणार. ओ-रिंगवर सिलिकॉन सीलंट थापायचं तर ओ-रिंग त्यावरून घसरते, जास्तीचा सीलंट आत तुटून पडतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. सीलंट सपाट फ्लँजसाठी, तेही मॅन्युअल सांगत असेल तिथेच. पाईप नवा मागवला.

रविवार, १६ मार्च

पाईप येईपर्यंत गाडी उभी. टाकीत ओतायचं गळतीरोधक औषध घाल आणि मोकळा हो, असा सल्ला आला. त्याचे बारीक कण गळतीच्या तोंडाशी जाऊन अडकतात आणि भोक बुजवतात, हे खरं. पण त्यांना गळतीचं तोंड कोणतं आणि हीटर कोअरची अरुंद नळी कोणती, हे कळत नाही. आडरानात अडकलेल्या गाडीला घरापर्यंत आणायला ठीक आहे. सगळं सुटं करून ठेवलेल्या गाडीत ते ओतण्यात काही शहाणपण नाही.

शनिवार, २२ मार्च

नवा पाईप जुन्याशेजारी ठेवून लांबी, वाक, ब्रॅकेटचं भोक ताडून पाहिलं. ओ-रिंगही पुन्हा नवी घेतली. आधीची खड्ड्यांवर दाबली गेलेली, आणि एवढ्याशा रबरासाठी कंजुषी कोण करणार.

पंपातलं भोक, जिथे पाईप शिरतो, ते बोटाला फडकं गुंडाळून साफ केलं. आत जुन्या ओ-रिंगचा काळा थर होता. ॲल्युमिनियम गुळगुळीत निघालं.

ओ-रिंगला कूलंट लावलं, तेल किंवा साधं ग्रीस नाही. कूलिंगच्या ओ-रिंग सहसा ईपीडीएम रबराच्या असतात आणि ते रबर खनिज तेलात फुगतं. आज अलगद शिरेल, पण पुढे ढिली पडेल. पाईप सरळ रेषेत, जरासा फिरवत आत ढकलला. तिरका गेला की ओ-रिंगची कड भोकाच्या काठावर कापली जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आत गेल्यावर पाईप मोकळेपणाने आपल्या जागी बसला, ब्रॅकेटचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आपोआप आलं. मगच बोल्ट. ब्रॅकेट आवळून पाईप ओढत जागेवर आणायचा नसतो, तसं केलं तर ओ-रिंगला कायमचा एका बाजूने दाब राहतो.

मागच्या होजला स्प्रिंगची क्लिप होती, तीच ठेवली. स्क्रूची क्लिप जास्त मजबूत दिसते, पण होज थंड झाला की आकसतो आणि स्क्रूची क्लिप आहे तिथेच राहते, स्प्रिंगची त्याच्यामागे जाते. सकाळी थंड असताना ठिबकणारे पुष्कळ होज यातूनच निघतात. क्लिप जुन्या वळावरच बसवली.

बादलीतलं कूलंट गाळून परत भरलं, कमी पडलं ते त्याच प्रकारचं, डिस्टिल्ड पाण्याबरोबर निम्मं-निम्मं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंटं रंग जुळतो म्हणून एकत्र करायची नाहीत. रंग हा नुसता रंग असतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा.

पुन्हा टेस्टर, १.१ बार. पट्ट्या पुन्हा त्याच जागी. अर्धा तास काटा हलला नाही, पट्ट्या कोरड्या.

रविवार, २३ मार्च

हवा काढली. थर्मोस्टॅटच्या कव्हरवर हवा सोडायचा ब्लीड स्क्रू आहे. तो उघडून टाकीत सावकाश ओतत राहिलो, बुडबुडे थांबून सलग धार आली तेव्हा बंद केला. मग टोपी लावून, हीटर सर्वात गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. आधी हीटरची हवा कोमट, मधेच थंड, मग एकदम गरम आणि तशीच राहिली. रेडिएटरचा पंखा लागला आणि बंद झाला. खालचा होज गरम, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी चिकटपट्टीच्या खाली गेलेली दिसली. ही गळती नव्हे. हेडमध्ये आणि हीटरच्या वळणांत अडकलेली हवा निघाली, तिची जागा कूलंटने घेतली. फरक ओळखायची खूण अशी: हवेमुळे पातळी सुरुवातीला झपाट्याने उतरते आणि मग थांबते, खाली जमीन कोरडी असते. गळती थांबत नाही. पट्टीपर्यंत भरून घेतलं.

बेल्टवर पडलेल्या शिंतोड्यांमुळे सुरू करताना चिरकण्याचा आवाज येत होता. बेल्ट काढून साबणाच्या पाण्याने धुतला, पुलीच्या खाचा पुसल्या, वाळवून परत बसवला. आवाज गेला. कूलंटने पूर्ण भिजून फुगलेला बेल्ट असता तर बदललाच असता.

रविवार, ३० मार्च

आठवडाभर रोजचं चालवणं, त्यात एक लांबचा चढ. गरम इंजिन बंद करून बोनेटखाली टॉर्च धरून उभं राहायचं, हे प्रत्येक वेळी केलं, कारण सगळ्यात जास्त दाब तेव्हाच असतो. थेंब नाही. गोडसर वासही नाही.

विप होलजवळ मधल्या एका संध्याकाळी किंचित ओल होती. पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून आजपर्यंत तिथे कोरडं आहे, पांढरा ओघळही नाही. सील बसलं असं धरतो.

थंड पातळी पट्टीवर, त्याच जागी. खालचं कव्हर आज परत लावलं.

उरलेलं एकच काम: मागचा हीटर होज क्लिपच्या जवळ दाबला तर कडक लागतो, वाकवल्यावर वरच्या थराला बारीक भेगा दिसतात. आत्ता दाब धरतोय. पुढच्या वेळी कूलंट बदलताना तो आणि त्याचा जोडीदार होज, दोन्ही बदलायचे.